वैलावरचा भात



आज घरातल्या जाळाबद्दल आणि उजेडाबद्दल बोलायचं आहे. ‘वीज वाचवा, गॅस वाचवा, झाडं वाचवा’ हे तुम्ही इतक्या वेळा ऐकलंय, की मीही तेच सुरू केलं तर तुम्ही रेडिओचा कान पिळून दुसरं केंद्र लावाल. म्हणून मी दुसऱ्या टोकाकडून येते. हे वाचवायचं काम आपल्या घरात कधीपासून चाललंय, ते केलं कुणी, आणि त्याचा फायदा कुणाच्या पदरात पडला, ते बघू.

माझं आजोळ तापोळ्याच्या बाजूला. महाबळेश्वरहून घाट उतरत गेलं की खाली कोयनेचं पाणी दिसायला लागतं, ते खोरं. आजीच्या घरात चूल होती आणि चुलीला वैल होता. तरुण मुलींना वैल म्हणजे काय ते सांगावं लागेल. मातीची चूल घालताना जाळाच्या मुख्य तोंडाशेजारी आणखी एक तोंड ठेवायचं, आणि आतून दोन्ही जोडायची. वैलाखाली वेगळं लाकूड घालायचं नाही. चुलीतला जाळ मोठ्या भांड्याखाली आपलं काम करून पुढं सरकतो, ती उरलेली धग वैलाखालून जाते. पुढं भाकरी चालू असताना वैलावर आमटी उकळत असते, नाहीतर भात मुरत असतो, दूध तापत असतं. सगळं झाल्यावर हातपाय धुवायच्या पाण्याचं भांडं तिथंच. एका लाकडात दोन कामं.

हे कुठल्या इंजिनिअरनं काढलं? कुणाचंच नाव कुठं लिहिलेलं नाही. चूल घालणाऱ्या बाईनं काढलं, तिच्या सुनेनं ते उचललं. उरलेल्या उष्णतेचा वापर म्हणून आज कारखान्यांत मोठी यंत्रं बसवतात, त्यांचे फोटो पेपरात येतात. वैलाचा फोटो काही कुणी काढला नाही.

आजी ज्या डोंगरात राहायची तिथं सरपणाचा हिशेब चुकला तर उपाशी राहायची वेळ. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्या माण तालुक्यात पाचशेच्या आतबाहेर, म्हणजे दहा-अकरा पट फरक. माणदेशातल्या बाईची अडचण अशी की लाकूडच नाही. बाभळीचा काटा, तुराट्या, शेणाच्या गोवऱ्या यांवर भागवायचं. डोंगरातल्या बाईची अडचण उलटी: लाकूड डोळ्यांसमोर उभं, पण चार महिने ओलं. ओल्या लाकडाचा अर्धा जीव स्वतःतलं पाणी आटवण्यात जातो, मग उरतो तो धूर. म्हणून आगोटीची बेगमी. जूनच्या आधी मिठा-मिरचीइतकंच सरपणही भरून ठेवायचं. चुलीच्या वरती माळ्यावर लाकडं रचायची, म्हणजे खालच्या धगीनं वरची वाळत राहतात. पावसाच्या बाजूच्या भिंतीला गवताच्या ताट्या बांधायच्या, म्हणजे भिंत भिजत नाही आणि घर उबदार राहतं. आजी म्हणायची, “मोळी मोजून आणली न्हाई तर श्रावणात जातं फिरल, पर चूल पेटायची न्हाई.”

आता थोडं मागं जाऊ. १८२८-२९ सालात मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरला थंड हवेचं ठाणं वसवलं. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांनी करार करून तो मुलूख इंग्रजांना दिला आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव घेतलं. वर जी पेठ बसली तिला माल्कमपेठ नाव पडलं. बंगले उठले, रस्ते झाले. १८४२ साली वेण्णा तलाव झाला. चिनी कैद्यांचा तुरुंग होता, ते कैदी भाजीपाला पिकवायचे. हे सगळं पर्यटकांच्या पुस्तकात असतं. पण एक साधी गोष्ट त्यात नसते. एवढ्या बंगल्यांत, थंडीत, अंघोळीचं पाणी कशावर तापत होतं? साहेबाचा पाव कशावर भाजत होता? लाकडावर आणि लोणारी कोळशावर. ते लाकूड आजूबाजूच्या जंगलातून, आणि वाहून आणणारी डोकी आपल्याच लोकांची.

जंगलावर तगणारे इतरही होते. महाबळेश्वरच्या पठारावर धावड म्हणून समाज होता, जांभ्या दगडातून लोखंड गाळणारा. लोखंड गाळायला ढीगभर कोळसा लागतो. पुढं सरकारनं जंगल राखीव करायला घेतलं, सरपण मिळेना, शिवाय विलायती लोखंड स्वस्त मिळायला लागलं. दोन्हीकडून मार बसून त्यांच्या भट्ट्या विझल्या आणि ती माणसं मजुरीला लागली.

१८४८ साली साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. १८७८ साली जंगलाचा कायदा आला. तेव्हापासून ज्या रानातून आजीच्या आजीनं मोळी आणली, त्याच रानात ती चोर ठरली. काल वहिवाट होती ती आज गुन्हा झाली. मोळी हिसकावून घ्यायची, कोयता जप्त करायचा. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं कटगुण. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी या जंगलखात्यावर कडक टीका केली आहे. चराऊ रानं आणि सरपण हातातून गेल्यावर शेतकऱ्याच्या संसाराचं काय होतं, हे त्यांनी ओळखलं होतं. मला एक सारखं जाणवतं: जंगल तोडलं गेलं भट्ट्यांसाठी, बंगल्यांसाठी, इमारतींसाठी, आणि राखणदाराच्या हाती सापडली ती वाळक्या काटक्यांची मोळीवाली. आजही झाडं कमी झाल्याची गोष्ट निघाली की बोट चुलीकडे जातं. चुलीला हिरवं झाड तोडून कोण लावतं? ते जळतच नाही. बाई वाळकं वेचते.

झाडं राखू नयेत असं मी म्हणत नाही, हां. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री, सावित्री या पाच नद्या महाबळेश्वरच्या डोक्यावर उगम पावतात. ते रान गेलं तर सांगलीपर्यंत सगळ्यांच्या तोंडचं पाणी जाईल. २००१ साली महाबळेश्वर-पाचगणीचा मुलूख केंद्र सरकारनं पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला, ते बरंच झालं. फक्त राखणीचा भार कुणाच्या डोक्यावर टाकायचा, एवढंच विचारते.

जाळाचं झालं, आता उजेडाचं. आधी करडईच्या, करंजाच्या तेलाच्या पणत्या. मग खनिज तेल आलं. ‘रॉक ऑईल’चं आपण रॉकेल केलं. ते आलं तसा कंदील आला, आणि पहिल्यांदा कंदील परदेशातून यायचा, त्याची काचही परदेशातून. काच तडकली की पैसे समुद्रापार. कराडजवळ ओगलेवाडी आहे ना, ती याच गोष्टीतून उभी राहिली. १९१६ साली ओगले बंधूंनी तिथं काचेचा कारखाना काढला. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा त्यांना आधार होता. त्यांच्याच संस्थानात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली होती. ओगल्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघर गेला. स्वदेशीच्या काळात तो विकत घेणं हे अभिमानाचं होतं. आमच्या घरी दोन होते. एक ओसरीवर, एक गोठ्यात.

कंदिलाची काच पुसायचं काम पोरींचं, कारण आमचे हात काचेत जायचे. चुलीतली राख चिंधीवर घेऊन आतून फिरवायची, मग कोरड्या फडक्यानं पुसायची. आई सांगायची, काजळी धरलेली काच म्हणजे रॉकेल जळतं पूर्ण आणि उजेड पडतो अर्धा. वात वाकडी कापली की एका बाजूला काजळी जास्त. वात वर केली की उजेड वाढतो असं वाटतं, पण वाढतो धूर. आता तुमच्या घरातल्या दिव्यावर किती धूळ आहे ते आजच बघा. तोच हिशेब. दिवा उतरवताना बटण मात्र बंद करा.

लढाईच्या काळात रॉकेल रेशनवर गेलं, आणि मग एका कंदिलाभोवती सगळं घर. अभ्यास, निवडणं, शिवण, गप्पा. आमच्या गावातल्या थोरल्या बायका अजून सांगतात, की त्यांना वाचायला आलं ते भावाच्या कंदिलाच्या कडेला बसून.

आता मोठी गोष्ट, कोयनेची. सगळा महाराष्ट्र तिला भाग्यलक्ष्मी म्हणतो. महाबळेश्वरला उगम पावणारी ही नदी उत्तरेकडून दक्षिणेला वाहते, मग पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. तिला हेळवाकजवळ अडवलं. १९५०च्या दशकात काम सुरू झालं आणि १९६२ साली पहिली वीज निघाली. तेव्हाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण आपल्याच मातीतले, देवराष्ट्रे गावात जन्मलेले, कराडात वाढलेले. धरण १०३ मीटर उंच. गंमत अशी की वीज करायला हे पाणी नदीच्या वाटेनं पूर्वेला सोडत नाहीत. सह्याद्रीच्या पोटातून बोगदा काढून ते पश्चिमेला चिपळूणकडे, पोफळीला, साडेचारशे मीटरहून खाली पाडतात. डोंगराच्या पोटातल्या वीजघरात जनित्रं फिरतात आणि पाणी पुढं वाशिष्ठी नदीतून समुद्राला जातं. कृष्णा लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी असं पश्चिमेला वळवायची मुभा दिली. चारही टप्पे आणि पायथ्याचं वीजघर धरून कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. मुंबईच्या गिरण्या, कारखाने, लोकल, दिवे यांत कोयनेचा वाटा मोठा.

आणि वर पाणी तुंबलं, तो शिवसागर. पन्नास किलोमीटर लांब, थेट तापोळ्यापर्यंत. त्याखाली शंभराच्या आसपास गावांच्या जमिनी गेल्या. भाताची खाचरं नदीकाठाला असतात, म्हणजे चांगली जमीन आधी गेली. कुणी सोलापूरकडे, कुणी सांगलीकडे, कुणी रायगड-ठाण्याकडे पाठवले गेले. डोंगरातली माणसं माळरानात. काहीजण गेलेच नाहीत, पाणी चढलं तसे वरवर सरकले. माझी आजी त्यांतली. घराचे वासे, दारं, जातं, पाटा सगळं डोक्यावर वाहून वर नेलं. चूल मात्र नेता येत नाही. जुन्या घरातला शेवटचा स्वयंपाक झाला, आजीनं चुलीला हळदीकुंकू वाहिलं आणि वर येऊन पहिल्या दिवशी नवी चूल घातली, वैलासकट.

आजीच्या नव्या घरात वीज आली ती खूप वर्षांनी. तोवर संध्याकाळी ती कंदील लावायची आणि खाली काळंभोर पाणी. ती एकदा मला म्हणाली, “आमच्या भाताच्या खाचरावर ममईचा दिवा लागतोय बघ.” तिच्या बोलण्यात राग नव्हता, पण ती ते विसरलीही नव्हती.

११ डिसेंबर १९६७ची पहाट. कोयनेला भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, कोयनानगर आणि आसपासची घरं पडली. मुंबईची वीज गेली, तेव्हा शहरातल्या पुष्कळांना पहिल्यांदा कळलं, की आपल्या बटणाचं दुसरं टोक कुठं आहे ते. घरं गेलेल्या बायांनी त्या थंडीत उघड्यावर तीन दगडांची चूल मांडली. एवढं मोठं वीजघर शेजारी, आणि तीन दगड.

मी ही गोष्ट रडगाणं म्हणून सांगत नाही. कोयनेनं महाराष्ट्र उभा केला, ते खरंच आहे. पण एक युनिट वाया घालवताना ते कुठून आलं हे ठाऊक असावं. वीज तारेतून येते म्हणून ती कुणाची नाही असं वाटतं. तिच्या मागंही एक मोळी असते.

आता पुन्हा चुलीकडं. चुलीचा धूर हा प्रश्न आहे, हे मान्य व्हायलाच फार वर्षं गेली. १९५३ साली हैदराबादच्या एस. पी. राजूंनी धुराडं असलेली निर्धूर चूल सुचवली. १९८०च्या सुमाराला कर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन संशोधकानं आपल्या भारतीय सोबत्यांबरोबर गुजरातेतल्या गावांत चुलीपुढं बसलेल्या बायांच्या नाकाजवळचा धूर मोजला. तो इतका निघाला, की जगातल्या डॉक्टरांना चुलीकडं बघावं लागलं. तोवर खोकला हा बायकांचा स्वभावच समजत.

१९८३ साली केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. देशभर लाखोंनी चुली बसल्या. २००२ साली तो कार्यक्रम थांबला. आमच्या सासरीही एक बसवली होती. दोन माणसं आली, दुपारी दोन तासांत चूल घातली, सिमेंटचं धुराडं छपरातून वर काढलं, सही घेतली, गेली. धुराडं कौलांच्या वर हातभरसुद्धा नव्हतं. वारा फिरला की सगळा धूर उलटा घरात. शिवाय चुलीचं तोंड आमच्या भाकरीच्या तव्याला लहान. सासूबाईंनी महिनाभर सहन केलं, मग पहार घेऊन तोंड रुंद केलं, आणि तिथंच त्या चुलीचं गणित संपलं. कागदावर मात्र आमचं घर निर्धूर झालेलं होतं. विचारायला कुणी आलं नाही, की ताई, तुमचा तवा केवढा?

हा एक प्रश्न विचारणारे लोकही याच भागात होते. फलटणला १९६८ साली बनबिहारी निंबकरांनी शेती संशोधनाची संस्था काढली. तिथं पिकांबरोबर पुढं कंदील, स्टोव्ह, शेतातल्या काडीकचऱ्यापासून इंधन यांवरही काम झालं. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली पुण्यात आरती ही संस्था उभी केली, तिचं एक केंद्र फलटणला. त्यांचा एक प्रयोग आपल्या ऊसपट्ट्यातल्या प्रत्येकीनं ऐकावा असा आहे. ऊस तुटला की फडात पाचट पडतं. आपण काडी लावून मोकळे होतो. संध्याकाळी कराडपासून सांगलीपर्यंत धुराचा पट्टा दिसतो. आरतीनं काय केलं? पाचट लहान डब्यांत दाबून भरायचं, डबे एका मोठ्या भट्टीत ठेवायचे आणि खाली थोडं पाचटच पेटवायचं. डब्यात हवा नसल्यानं आतलं पाचट जळून राख होत नाही, त्याचा कोळसा होतो. त्यातून निघणारा वायू भट्टीतच पेटतो आणि पुढचं काम तोच करतो. मग त्या कोळशाची पूड, त्यात शेण किंवा पिठाची खळ, आणि दाबून कांड्या. धूर जवळजवळ नाही. २००२ साली या कामाला इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला.

त्या कांड्यांसाठी त्यांनी ‘सराई’ नावाचा कुकर काढला. तळाला थोडं पाणी, त्यावर एकावर एक डबे, बाहेरून आवरण आणि खाली छोटी शेगडी. शंभर ग्रॅमच्या आसपास कोळशावर चार-पाच माणसांचा वरण-भात-भाजी. आमच्या आधीच्या पिढीला हे ऐकून इकमिक कुकर आठवेल. तो १९१० साली इंदुमाधव मल्लिक या बंगाली डॉक्टरांनी काढला होता, आणि आपल्याकडं शिकायला बाहेरगावी राहणाऱ्या मुलांच्या खोल्यांत असायचा. तत्त्व तेच: वाफ कोंडायची, धग सुटू द्यायची नाही.

कोळशावरून एक सांगायचं राहू नये. महाबळेश्वर-पाचगणीकडे थंडीत खोलीत शेगडी ठेवून दारं-खिडक्या लावून झोपतात. हे कधी करू नका. कोळशाला धूर नसतो म्हणून तो निरुपद्रवी नाही. बंद खोलीत त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातो.

२०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि पुष्कळ घरांत पहिली टाकी आली. मी हे मोठं काम समजते. तरीही गटाच्या बैठकीत खरं विचारलं तर बाया सांगतात: चहा आणि पाहुणे गॅसवर, भाकरी आणि पाणी चुलीवर. कारण दुसरी टाकी भरायला पैसे एकदम लागतात आणि काटक्या फुकट आहेत. फुकट म्हणजे आपला वेळ फुकट धरला तर. एकदा आमच्या गटात आठ दिवस प्रत्येकीनं मोळीसाठी किती तास गेले ते भिंतीवर कोळशानं रेघा मारून मोजले. आठव्या दिवशी एकीचा नवराच म्हणाला, “एवढ्या वेळात तर रोजगार झाला असता.” तिनं दुसऱ्या दिवशी टाकीचे पैसे त्याच्याकडं मागितले.

विजेचा हिशेब याहून सोपा आहे, आणि तो आपण कधी मांडत नाही म्हणून अवघड वाटतो. हजार वॅटचं काही तासभर चाललं की एक युनिट. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला नऊ युनिट. नऊ वॅटचा एलईडी तेवढाच वेळ लावला तर दीड युनिटालाही थोडं कमीच. २०१५ नंतर एलईडी स्वस्त झाले, तरी गोठ्यात, न्हाणीघरात, देवळीत अजून जुने बल्ब दिसतात, कारण ‘तिथं काय, थोडाच वेळ’. तो थोडा वेळ रात्रभर असतो. जुना पंखा पंचाहत्तर वॅटचा, दिवसाला दहा तास फिरला तर महिन्याला साडेबावीस युनिट. नवा कमी विजेचा पंखा तीसच्या आसपास वॅट घेतो, म्हणजे नऊ युनिट. पंखा बदलायला पैसे लागतात, म्हणून आधी सगळ्यांत जास्त फिरणारा एकच बदला.

आणि कोयनेच्याच पाटण तालुक्यातली एक बातमी. मान्याचीवाडी हे सुमारे शंभर घरांचं गाव २०२४ साली राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. घरांच्या छपरांवर पॅनेल, वीज गावातच तयार होते, गावातच वापरली जाते. ज्या तालुक्यातली वीज साठ वर्षं डोंगर ओलांडून गेली, त्या तालुक्यातलं एक गाव आता आपल्या छपराकडे बघतंय. सगळ्यांना लगेच जमेल असं नाही. डोंगरात पावसाचे चार महिने ऊन कुठं असतं? पण माण-खटाव-जतकडे ऊन भरपूर आहे, आणि आपण आजवर त्याला नुसती नावं ठेवली.

शेवटी वैलाकडे येते. गॅसच्या शेगडीला वैल नाही, तेव्हा आम्ही गटात तो दुसऱ्या रीतीनं केला. पत्र्याची जुनी ट्रंक घेतली. तळाला आणि कडेनं वाळलं गवत दाबून भरलं, मध्ये पातेल्याच्या मापाचा खड्डा ठेवला, वरून जुनी गोधडी. तांदूळ धुवून अर्धा तास भिजवायचे, पातेल्यात झाकण घालून चांगली उकळी आणायची, पाच-सात मिनिटं उकळू द्यायचं आणि झाकण न उघडता तसंच ट्रंकेत ठेवून गोधडीनं गच्च झाकायचं. गॅस बंद. पाऊण तासानं भात शिजलेला असतो, आणि करपत तर नाहीच. डाळ रात्री भिजवलेली असेल तर दहा-पंधरा मिनिटं उकळून दोन तास ठेवायची. पातेलं भरलेलं हवं, अर्धं असेल तर धग टिकत नाही. आणि दोन-तीन तासांत काढून खायचं, कोमट अन्न दिवसभर तसंच ठेवायचं नाही.

पहिल्या दिवशी सासूबाई ट्रंकेशेजारी पाट घेऊन बसल्या होत्या. त्यांचा विश्वास नव्हता. दोनदा गोधडी उचलायला गेल्या, दोनदा मी हात धरला. पाऊण तासानं झाकण काढलं, शीत बोटांनी दाबून बघितलं आणि म्हणाल्या, “हा तर वैलच की गं. नुसता ट्रंकेत घातलास.”